थोरली, धाकटी आणि मधली

'सर्व रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, चौथ्या मजल्यावरील सौ. सरोज गावडे यांच्या थोरली व धाकटी या दोघीही हयात असून थोरलीच्या निधनाची काल दुपारपासून पसरलेली वार्ता निराधार आहे. थोरलीला सूज आहे. धाकटी नेहमीप्रमाणे कुरकुरत आहे. भेटायला येणाऱ्यांनी हार व पांढरी फुलं आणू नयेत. बर्फही आता पुरे.'

ही नोटीस मी स्वतः लिहिली, दिंडोशीच्या आमच्या इमारतीच्या फळ्यावर स्वतः लावली आणि खाली सेक्रेटरी दळवींची सही घेतली. सही करताना दळवींनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. उद्या पाणी येणार नाही, ही नोटीससुद्धा आमच्याकडे लोक एवढ्या आवडीने वाचत नाहीत. दोन पोरांनी तर तिचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला.

थोरली आणि धाकटी हे सरोजकाकीचे गुडघे. उजवा थोरली, डावा धाकटी.

काकी साठी ओलांडलेली, बुटकी, गोल, आणि आवाज असा की गणपतीत निवेदन करताना माझ्या हातातला माइक बंद पडला तर मी तिच्याकडे बघायचो. मढच्या बंगल्यांमध्ये मालिकांचं शूटिंग चालतं, तिथे ती कपड्यांच्या खात्यात होती. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय तिला तिथेच लागली. नोकरी सुटल्यावर टाचण्या गेल्या, पण ओठांचा एक कोपरा मिटून बोलायची लकब राहिली. त्यामुळे ती साधं 'चहा घेतोस का' विचारायची तरी वाटायचं, काहीतरी गुप्त सांगतेय.

तिची माझी नीट ओळख झाली ती जिन्यात. लिफ्ट बंद होती. मी खाली उतरत होतो आणि खालच्या वळणावर मला काकी दिसली. तोंड माझ्याकडे, म्हणजे ती वर येतेय असं समजून मी भिंतीला चिकटून वाट दिली. ती आली नाही. मी एक पायरी उतरलो. तीही एक पायरी उतरली. मी आणखी एक उतरलो, तर तीही आणखी एक. असे आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघत अख्खा एक मजला उतरलो.

शेवटी मी विचारलं, "काकी, वर जातेयस की खाली?"

"खाली. तुला काय दिसतंय?"

"तोंड तर वर आहे तुझं."

"तोंड कुठेही असू दे रे. गुडघे खाली चाललेत ना?"

मग तिने कठडा घट्ट धरून मला समजावलं. चढ गुडघ्यांना तेवढा जड जात नाही, त्यांची वाट लागते ती उतारावर. सरळ उतरलं की सगळा भार धाडकन वाटीवर येतो. उलटं तोंड करून उतरलं की मांड्या आणि पोटऱ्या शरीर आवरून धरतात. हे तिला फिजिओच्या पोरीने दाखवलं होतं. "आणि कठडा सोडायचा नाही. हात सोडून करायला जाशील तर फळ्यावर तुझी नोटीस लागेल, माइकवाल्या." तेव्हापासून माझं नाव तेच.

पुढे इमारतीतली निम्मी चाळिशी ओलांडलेली माणसं जिना उलटी उतरायला लागली. एक कुरियरवाला पार्सल खालीच ठेवून निघून गेला. त्याला वाटलं आपल्याला बघून सगळे मागे सरकतायत.

नावांचा उगम तिने मला एकदा गुडघे शेकत बसलेली असताना सांगितला. "आमच्या सासरी तीन भाऊ, तीन सुना. थोरली गावी घर सांभाळते. धाकटी मुलुंडला. मी मधली. लग्न झाल्यापासून ह्या दोघींच्या मधेच. आता थोरलीचा स्वभाव असा, की ती बोलणार नाही. काय लागलं, काय खुपलं, कळायला मार्ग नाही. एक दिवस अचानक अबोला. की घर बंद. धाकटीचं उलट. डोळे उघडले की कुरकुर सुरू. चहा गार, पंखा हळू, उशी टणक. पण काम निघालं की पदर खोचून पहिली उभी. आता माझा उजवा गुडघा बघ. कधी आवाज नाही, तक्रार नाही, आणि बसला की बसलाच. डावा दिवसभर कटकट वाजतो आणि मैलोन् मैल चालतो. मग दुसरी कुठली नावं ठेवू?"

आता काकी गावीच राहते. दोन्ही गुडघे बदलून झाले. नव्यांना तिने अजून नावं ठेवलेली नाहीत, दोन्ही अर्थांनी. पण मी सांगतोय ते जुन्या जोडीबद्दल.

गुडघे बदलायचं ठरलं त्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो, कारण दवाखान्यात बसलं की गावडेकाकांना झोप लागते. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "झीज झालीय."

"म्हणजे कापडाची होते तशी?"

"तशीच."

"मग रफू करा."

"रफूच्या पलीकडे गेलंय, काकी. कापडच बदलावं लागेल. दोन्हीकडचं."

कपड्याच्या भाषेत सांगितलं की काकीला लगेच पटतं. तिने थोडा विचार केला. "किती घाई आहे?"

"घाई नाही. होळी झाली की करू."

"मग बदलायच्या आधी ह्या दोघींना एकदा चालत सासरी नेऊन आणते."

डॉक्टरीणबाईंना वाटलं सासर गोरेगावात. त्या खूश झाल्या. "चालणं चांगलंच. कुठे आहे सासर?"

"मालवणच्या अलीकडे."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं आता दोघींची जुंपणार. पण ती बाईही भारी होती. म्हणाली, "मुंबईपासून नाही. अर्ध्यातून निघा. पाठीवर ओझं अजिबात नको. दोन दिवस चाललात की एक दिवस आराम. सूज आली की थांबायचं, शूरपणा करायचा नाही. आणि त्याआधी चार महिने मांड्यांचा व्यायाम. मांड्या नाहीत तर परवानगी नाही."

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं की हे काय नवीन. तिने बाहेर बघतच उत्तर दिलं.

"अरे, इतकी वर्षं गावी जातेय. गाडीत बसायचं, झोपायचं, डोळे उघडले की गाव. गाव येताना कसं दिसतं ते मला माहीतच नाही. तीस वर्षं कुठल्या कुठल्या राण्यांपुढे गुडघे टेकले, त्यांच्या झग्यांचे काठ दुमडायला. तेवढ्यात झिजले हे. आता फेकायच्याच आहेत ह्या दोघी, तर स्वतःच्या कामाला एकदा वापरून घेते. नवे गुडघे घालून गेले तर त्यात यांचं काय?"

मग घराची तालीम झाली. काकीने घोट्याला तूरडाळीची पिशवी बांधून खुर्चीत बसून पाय सरळ वर उचलायचा, धरायचा, हळू सोडायचा. काका शेजारी मोजायचे आणि मधेच झोपायचे, त्यामुळे ठरल्यापेक्षा व्यायाम नेहमी जास्तच व्हायचा. टीव्हीवर जाहिराती लागल्या की हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. सूज आली की फ्रीजमधली मटारची पिशवी गुडघ्यावर. मटार दोनचार वेळा वापरले की त्यांची उसळ. मी ती उसळ खाल्लेली आहे. "घे, आज थोरलीची आहे," असं म्हणून तिने वाटी पुढे केली तेव्हा क्षणभर घास अडला होता, पण उसळ झकास होती.

इमारतीतल्या प्रत्येकाकडे एक तेल होतं. कोणाचं लाल, कोणाचं हिरवं, एकाचं तर बंगालहून आलेलं. काकी सगळी तेलं हसतमुखाने घ्यायची आणि घराच्या दारांना लावायची. तिच्या गुडघ्यांचा आवाज काही गेला नाही, पण दारं अशी गुपचूप उघडायला लागली की काका दोनदा दचकले.

तिचं खरं वैभव म्हणजे पट्टे. दुकानातले गुडघ्याचे पट्टे तिला पसंत पडेनात. "हे असलं कापड मी राक्षसाला पण घातलं नसतं." तिने स्वतः शिवले. आत इलॅस्टिक, बाहेर शूटिंगचे उरलेले तुकडे. थोरलीला एका महाराणीच्या झग्याची किरमिजी मखमल, वर जरीचा काठ. धाकटीला सैनिकाच्या अंगरख्याचं मातकट जाडंभरडं कापड.

"असा भेदभाव?" मी विचारलं.

"थोरलीला मान लागतो. नाहीतर बसेल ती. धाकटीला काहीही घाल, ती कुरकुरणारच आहे."

काठ्याही तिथल्याच. दोन भाले होते, पाती काढून टाकली, खाली रबरी बूच बसवलं. चालताना काठी आधी टेकायची, मग पाय. एकदा ती अशी दोन भाले घेऊन गेटमधून बाहेर पडली आणि वॉचमनने सवयीने सलाम ठोकला.

सरावाला ती दर रविवारी बोरिवलीला, कान्हेरीच्या पायऱ्यांवर जायची. त्यातल्याच एका रविवारी ते सगळं झालं.

उतरताना थोरली बसली. काकी एका कातळावर टेकली आणि तिने काकांना फोनवर लिहिलं: 'कान्हेरीला थोरली गेली. आता सगळं धाकटीवर. बर्फ आणून ठेवा. मी रिक्षाने आणते.' आणि हे काकांना पाठवायच्याऐवजी तिने इमारतीच्या ग्रुपवर पाठवलं.

मी त्या दिवशी मुलुंडला एका बारशात माइक धरून उभा होतो, म्हणून इमारतीत गुडघ्यांची नावं माहीत असलेला एकही माणूस जागा नव्हता. काका झोपले होते.

दळवींनी तो निरोप वाचला. दळवी मनाने हळवे आणि हाताने चपळ. त्यांनी असा अर्थ लावला की गावची थोरली जाऊ मुंबईला आली असणार, सरोजकाकी तिला कान्हेरी दाखवायला घेऊन गेली, तिथेच तिचं काहीतरी झालं, आणि आता मृतदेह रिक्षाने येतोय. गावाहून माणसं पोचेपर्यंत ठेवायला बर्फ हवा. त्यांनी बर्फाची मोठी लादी मागवली. खालच्या पॅसेजमध्ये सतरंजी घातली. दोन जणांना फुलं आणायला पिटाळलं. आणि मग सोसायटीच्या दप्तरातून गावडेंच्या गावचा नंबर काढून, घसा साफ करून, त्यांनी फोन लावला.

हे संभाषण दळवींनी स्पीकरवर ठेवलं होतं, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकणारी माणसं अजून हयात आहेत.

"नमस्कार. मी दिंडोशीहून दळवी बोलतोय. मन घट्ट करा, बाई. वाईट बातमी आहे."

"काय झाला?"

"तुमच्या घरातली थोरली गेली."

"थोरली म्हंजे मीच. मी खय गेलंय? मी हय वाल सोलतंय."

दळवींनी फोन तोंडासमोरून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. "नाही, पण सरोजवहिनींनीच कळवलंय. त्या तुम्हाला रिक्षाने आणतायत."

आणि तेवढ्यात रिक्षा आली. काकी उतरली, दोन भाले टेकत, एक पाय ओढत. पॅसेजमध्ये पांढरी फुलं, सतरंजी, डोळे पुसणाऱ्या बायका आणि मधोमध लादी. ती म्हणाली, "अरे वा. एवढा बर्फ कशाला मागवलात?" आणि सतरंजीवर बसून तिने उजवा गुडघा लादीला टेकवला. "थोरलीला आता बरं वाटेल."

फोन अजून चालू होता.

पुढचं मला काकीने नंतर सांगितलं. थोरलीने सगळं ऐकलं, दळवींकडून खुलासा करून घेतला, आणि काकीशी एवढंच बोलली: "माज्या नावाचो गुडघो केलंस? नि तोव दुखरो?"

त्यानंतर अबोला.

मुलुंडच्या धाकटीला ही हकिगत कळली तेव्हा ती हसून हसून खुर्चीतून घसरली. "आणि मी डावा ना? बरोबर आहे. माझ्या नशिबी नेहमी डावंच." पण गावी फोन लागेना. म्हणजे लागायचा. थोरली फोन उचलायची आणि न बोलता ओट्यावर ठेवून कामाला निघून जायची. काकी तासभर कानाला लावून बसायची. मला म्हणाली, "आज कोंबड्या ऐकल्या. एक नवीन आलेली दिसते." हे सांगताना ती हसली, पण ओठांचा दुसरा कोपराही मिटलेला होता.

एका संध्याकाळी ती डाळीची पिशवी घोट्याला बांधून नुसतीच बसली होती. पाय उचलत नव्हती.

"रस्त्याचं मला काही नाही रे. पोचेन मी. पण पोचल्यावर तिने दार लावून घेतलंन तर? चाळीस वर्षं आमच्यात कितीदा बिनसलं, पण मी घरात शिरताना ती दारात नाही, असं कधी झालं नाही. आणि आता मी चालत जाणार, ह्या गुडघ्यांवर, आणि हिच्याच नावाचा गुडघा पुढे करून."

"नाव बदल मग. थोरलीला दुसरं काहीतरी म्हण."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "दुसरं नाव दिलं तर ती ऐकणार नाही. तिला तिची सवय झालीय." ही कुठली थोरली ते मी विचारलं नाही.

संक्रांत झाली आणि काकी निघाली. रत्नागिरीहून, समुद्राच्या कडेकडेने. बरोबर मुलुंडची धाकटी, कारण "माझ्या नावाचा गुडघा चालत जाणार आणि मी गाडीने जाऊ का?" सामान काकांकडे. काकांनी चालायला साफ नकार दिला होता, पण त्यांनी आपली कामगिरी चोख पार पाडली. रोज सकाळी ते सगळ्यांच्या पिशव्या घेऊन एसटीने पुढच्या मुक्कामाला जायचे, तिथे चहाच्या टपरीवर बसायचे आणि संध्याकाळी दोघी येईपर्यंत झोपायचे. काकी म्हणायची, "लग्नानंतर पहिल्यांदा ह्या माणसाने माझं ओझं उचललं आणि तेही लाल गाडीने."

रोज संध्याकाळी मला फोन यायचा. कोकणातला तो किनारा फसवा आहे. वर सड्यावर सपाट, कातळावरून मजेत चालायचं, आणि मग खाडी आली की खाली उतरायचं. होडीने पलीकडे जायचं, पुन्हा चढ, पुन्हा सडा, पुन्हा खाडी, पुन्हा उतार. काकीचं उताराचं तंत्र ठरलेलं होतं. सरळ खाली जायचं नाही. थोडं डावीकडे, वळायचं, थोडं उजवीकडे, वळायचं. "उताराला निऱ्या घालायच्या," ती सांगायची. "घाई केली की निऱ्या सुटतात, मग सगळंच सुटतं."

"गुडघे कसे आहेत?"

"थोरली गप्प आहे. तीच भीती. धाकटी कुरकुरतेय."

"कुठली धाकटी?"

"दोन्ही."

मागून आवाज यायचा, "सांग त्याला, काल चहात साखर नव्हती."

ठरलेल्या आरामाशिवाय त्या एकदाच थांबल्या. सूज आली म्हणून दोन दिवस एका शाळामास्तरांच्या पडवीत पाय उशीवर उंच ठेवून काकी पडून राहिली. शूरपणा केला नाही. मला वाटतं तिला ते चालण्यापेक्षा जड गेलं असेल. मास्तरांच्या घरातले सगळे पडदे तिने तेवढ्यात दुमडून शिवून दिले.

शेवटच्या टप्प्याला मी रजा टाकून गेलो. आदल्या रात्री देवगडच्या पुढे त्यांना गाठलं. काकी उन्हाने काळी झाली होती, थोडी बारीकही, आणि मखमलीवर धुळीचा थर बसला होता. काका म्हणाले, "मी उद्या पहिल्या गाडीने घरी पोचतो. काय परिस्थिती आहे ते फोन करून सांगतो."

"ती तुम्हाला घरात घेईल," काकी म्हणाली. "तुम्ही दीर."

सकाळी आम्ही शेवटचा सडा ओलांडला. काकी सगळ्यांच्या पुढे. दोन्ही भाले टकटक वाजत होते. कडेला आल्यावर खाली माड दिसले, माडांच्या मधून कौलं, कौलांच्या पलीकडे समुद्र. काकी थांबली. बराच वेळ बघत राहिली. "असं येतं होय," ती म्हणाली.

आणि मग खाली जायला वळली, पहिलं पाऊल टाकलं, आणि थोरली बसली.

गावात उतरायला तिथे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी आहे, अरुंद आणि उभी. निऱ्या घालायला जागाच नाही. काकी वरच्या पायरीवर बसली. मखमल वर करून पाहिलं तर गुडघा फुगलेला. मुलुंडच्या धाकटीने बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून त्यावर ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीच बोलली नाही. खाली घर दिसत होतं. एवढ्या लांबून येऊन अंतर उरलं होतं ते आमच्या इमारतीच्या जिन्याएवढं.

माझा फोन वाजला. काका.

"पोचलात का?" मी विचारलं.

"केव्हाच. घावणे खाल्ले."

"थोरल्या काकी काय म्हणतात?"

"माझ्याशी बोलत नाही. कोणाशीच नाही. चुलीवर मोठ्या हंड्यात पाणी तापत ठेवलंन. कोणासाठी ते सांगत नाही." मग थांबून म्हणाले, "मी आंघोळ केली, असं तिला सांगितलं. तर माझ्याकडे असं बघितलंन."

मी हे काकीला सांगितलं. तिने गुडघ्यावरचा रुमाल पिळून बाजूला ठेवला, पट्टा नीट वर चढवला, जरीचा काठ बोटाने सरळ केला. मग गुडघ्यावर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "गो बाय, एवढाच उतार. मग तुका कोणी काय सांगूचा नाय."

उठली. एक भाला धाकट्या जावेकडे दिला, एका हाताने पाखाडीच्या कडेचा दगडी गडगा धरला, आणि गावाकडे पाठ फिरवली.

उलटी उतरायला लागली. आमच्या जिन्यात उतरायची तशीच. मी खाली, तिच्या मागे, "आता मोठी पायरी, आता सैल दगड आहे" असं सांगत. वर धाकटी, काकीच्या तोंडासमोर, "हळू गं, हळू, तुझ्या पायात माझा पाय येईल" करत. मला हसू आवरेना. गाव कसं येतं ते बघायला निघालेली बाई गावाला पाठ दाखवून गावात शिरत होती.

"हसतोस काय?" ती खाली न बघता म्हणाली.

"काही नाही."

"दारात कोण आहे?"

मी वळून पाहिलं. काका ओट्यावर बसले होते. दार उघडं होतं. दारात कोणी नव्हतं.

"काका आहेत," मी म्हणालो.

"त्यांना मी विचारलं नाही."

आणखी पाच-सहा पायऱ्या झाल्या. मी पुन्हा वळलो, तर घरापुढच्या खळ्यातून एक उंच, वाळकी म्हातारी येत होती. कमरेला पदर खोचलेला, एक हात मांडीवर दाबलेला. दोन पावलं टाकली की थांबायची, आणि खळ्याची पायरी उतरताना आडवी होऊन आधी एक पाय, मग दुसरा. ती पाखाडीच्या तळाशी येऊन उभी राहिली. मला बाजूला हो म्हणून हाताने खूण केली. मी झालो.

काकीला यातलं काही दिसत नव्हतं. ती "माइकवाल्या, किती राहिल्या?" असं विचारत होती आणि मी गप्प होतो. धाकटी वरून सगळं बघत होती आणि तीही गप्प होती. शेवटची पायरी आली. काकीने डावा पाय जमिनीवर टेकला, मग उजवा, आणि भाला धरून हळूच वळली.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. थोरलीने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती खाली वाकली, जेवढं वाकता येतं तेवढं, आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांकडे निरखून बघायला लागली. एकावर मातकट कापड. दुसऱ्यावर मखमल आणि जरीचा काठ. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, मग बोट पुढे करून ती जरी चाचपली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"ह्यातली मी खयची गो?"